डोंगरावरची राजधानी आणि पेवातली ज्वारी



आमच्या सोनारीच्या काळभैरवनाथाची यात्रा चैत्रात भरते. परांडा तालुक्यातलं हे गाव तसं लहान. पण भैरवनाथ अनेक कुळांचं कुलदैवत असल्यानं लांबलांबची माणसं तिथं येतात. देवळाच्या आवारातली वानरं हातातला प्रसाद कधी उचलून नेतील याचा नेम नसतो. अशाच एका यात्रेत, दर्शन आटोपून आम्ही चार मंडळी झाडाखाली टेकलो होतो. शेजारी शाळेतली दोन-तीन पोरं होती. त्यांची सहल नुकतीच देवगिरीला जाऊन आली होती. पोरं रंगात येऊन सांगत होती. तो ताशीव कडा, तो खंदक, ती अंधारी वाट, ती मोठी तोफ! बोलता बोलता त्यातल्या एकानं मला विचारलं, "गुरुजी, एवढा बेलाग किल्ला, मग तो पडला कसा?"

मी शिक्षक माणूस. उत्तर तयारच होतं. म्हटलं, "फितुरी, दुसरं काय?"

आमच्यात एक वयस्कर शेतकरी बसले होते. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलेलं नव्हतं. पानाला चुना लावता लावता ते म्हणाले, "ते फितुरीचं असंल गुरुजी. पण मला येक सांगा, वर खायाला काय हुतं?"

मंडळी, त्या प्रश्नापुढं माझं उत्तर फिकं पडलं. घरी आल्यावर मी पुन्हा पुस्तकं काढली आणि देवगिरीचा इतिहास त्या एका प्रश्नाच्या उजेडात नव्यानं वाचला. मला जे सापडलं ते आज आपल्यापुढं ठेवतो.

ज्यांनी देवगिरी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं वर्णन करतो. छत्रपती संभाजीनगरहून वेरुळला जाताना वाटेत डाव्या हाताला एक एकटा डोंगर उभा दिसतो. उंची सुमारे सहाशे फूट. पण उंचीपेक्षा त्याचा घाट वेगळा आहे. डोंगराचा खालचा भाग माणसांनी सभोवार तासून काढला आहे. दीडशे फुटांच्या आसपास सरळ उभी भिंत, तीही रचलेली नव्हे, मूळ खडकाचीच. घोरपडीलाही नखं रोवायला जागा सापडू नये अशी. त्या भिंतीच्या पायाशी खडकातच खोदलेला खंदक आणि खंदकावरून आत जायला एकच अरुंद वाट. ती ओलांडली की 'अंधारी' लागते. खडकाच्या पोटातून वळणं घेत वर चढणारं हे भुयार आहे. दिवसा दुपारीसुद्धा तिथं स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. शत्रू इथवर आलाच, तर वरच्या तोंडाशी निखारे पेटवून सगळी अंधारी धुरानं भरून टाकायची सोय होती. आणि या सगळ्याच्या आधी, खाली जमिनीवर, तटामागून तट आहेत.

असा हा गड यादवांची राजधानी होता. पाचव्या भिल्लमानं बाराव्या शतकाच्या अखेरीला, ११८७ च्या सुमारास, तिथं आपली गादी स्थापन केली. पुढं शंभर-सव्वाशे वर्षं यादवांचं राज्य चाललं. सिंघणाच्या कारकिर्दीत ते फार वाढलं. त्याच्याच आश्रयानं शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. आजही गाण्याचे अभ्यासक तो उघडून बसतात. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचं गणित शिकवण्यासाठी चाळीसगावजवळ पाटण इथं मठ काढला, तोही याच काळात. पुढं महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी हेमाद्री पंडित, म्हणजे आपला हेमाडपंत, कारभारी होता. चुन्यावाचून दगडावर दगड बसवलेल्या देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो ते त्याच्याच नावावरून. आपल्या भूम तालुक्यातलं माणकेश्वरचं देऊळ ज्यांनी पाहिलं असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. याच हेमाडपंतानं महाराष्ट्रात बाजरी आणली असंही परंपरा सांगते. खरं पाहता बाजरी आपल्याकडं त्याच्याही आधीपासून होती. तरी लोकांनी एका कारभाऱ्याची आठवण देवळाबरोबर एका धान्याशीही जोडून ठेवली, हे मला फार बोलकं वाटतं. लोकांच्या लेखी चांगल्या कारभाराची खूण ताटात दिसते.

रामचंद्र यादवाच्या अमदानीतच, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि तिच्या शेवटी ज्ञानदेवांनी या राजाचा उल्लेख केला. त्याच काळात आपल्याच जिल्ह्यात, तेरला, गोरोबाकाका चाकावर मडकी घडवत होते. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणं हातात घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. राजधानी डोंगरावर होती आणि भाषा खाली गावागावांत, चाकावर आणि जात्यावर घडत होती. हे दोन्ही ध्यानात ठेवा, कारण पुढं त्यांची वाट निराळी होणार आहे.

आता पहिला प्रसंग सांगतो. साल १२९६. जुन्या पुस्तकांत १२९४ असंही आढळतं. दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या अल्लाउद्दीन खिलजी सात-आठ हजार स्वार घेऊन, विंध्य ओलांडून, एकाएकी देवगिरीच्या समोर उभा राहिला. यादवांची मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. रामचंद्र राजानं जमली तेवढी माणसं घेतली आणि तो गडावर चढून बसला. एवढा बेलाग गड. वाटलं असेल, चार महिने काढू, तोवर फौज येईल.

वेढा पडण्याआधी घाईघाईत गडावर पोती चढवली होती. कोकणातून आलेले व्यापारी आपला माल खाली टाकून पळाले होते, तीच ही पोती. सगळ्यांना वाटलं धान्य आहे. पुढं शंकरदेव परत आला, लढला आणि हरला. मग राजानं वेढ्याच्या तयारीनं पोती उघडायला सांगितली, तर आत मीठ निघालं. फौजेला घालायला मीठ! राजानं तह केला. खंडणीत सोनं, मोती, रेशीम किती गेलं याचे आकडे पुस्तकांत पानभर आहेत.

ही मिठाच्या पोत्यांची हकीकत फिरिश्ता नावाचा इतिहासकार सांगतो. त्यानं विजापुरी बसून हा इतिहास लिहिला तो या घटनेनंतर तीनशे वर्षांनी. म्हणून पोतं न् पोतं मोजून खरं मानू नका. पण तीनशे वर्षं लोकांनी देवगिरीच्या पाडावाचं कारण म्हणून कोणती गोष्ट सांगत आणली, ते पाहा. भिंत फुटल्याची गोष्ट लोकांनी सांगितली नाही. धान्य नसल्याची सांगितली. यात्रेतल्या त्या म्हाताऱ्यांनी विचारलेला प्रश्न असा जुना आहे.

त्यानंतर यादवांचं राज्य वीस-बावीस वर्षं कसंबसं टिकलं. १३१८ पर्यंत सगळं संपलं. १३२७ मध्ये महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथं आणली आणि गावाचं नाव दौलताबाद ठेवलं. दिल्लीकरांना एवढी वाट चालायला लावली आणि काही वर्षांनी पुन्हा मागं फिरवलं, ही गोष्ट म्हणीसारखी झाली आहे. १३४७ मध्ये बहमनी राज्याचा पहिला राजाभिषेक इथंच झाला. पंधराव्या शतकात इथं उंच चांदमिनार उभा राहिला. १४९९ मध्ये गड अहमदनगरच्या निजामशहाकडं गेला. त्या निजामशाही काळात जनार्दनस्वामी या गडावर अधिकारी होते आणि पैठणचा एकनाथ नावाचा मुलगा त्यांच्याकडं शिकायला राहिला. हिशेबात एका पैची चूक सापडेना म्हणून एकनाथ रात्रभर दिवा लावून वह्या तपासत बसले आणि सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, ती ही जागा. एका पैचा हिशेब लागेपर्यंत न झोपणारा कारभारी प्रत्येक राजाला लाभता तर इतिहास वेगळा झाला असता.

आता मंडळी, आपण देवगिरीहून आपल्या दारात येऊ. कारण एकदा राजधानीच आपल्या दारात आली होती.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशहा कैद झाला. राज्य बुडालं असं सगळ्यांना वाटलं. त्या वेळी मलिक अंबर या हबशी सरदारानं घराण्यातलाच एक वारस शोधून गादीवर बसवला. कुठं? तर आमच्या परांड्याच्या किल्ल्यात. म्हणजे सोनारीच्या शेजारी काही वर्षं निजामशाहीचं तख्त होतं. पुढं ते जुन्नरला आणि नंतर दौलताबादेकडं गेलं. १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी गाव वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. त्यानं तिथं नहरीनं पाणी आणलं आणि जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची रीत घातली. १६२६ मध्ये तो वारला. त्याच्यामागं घर फिरलं. १६२९ मध्ये निजामशहानं सिंदखेडच्या लखुजी जाधवांना मुलांसह दौलताबादच्या किल्ल्यात मारलं. जिजाबाईंचे हे वडील. जाधव आपलं कूळ देवगिरीच्या यादवांशी जोडतात. म्हणजे पूर्वजांच्याच राजधानीत त्यांचा शेवट झाला.

आणि मग तो दुष्काळ आला.

१६३० साली पावसानं दगा दिला. पुढंही दिला. दख्खन आणि गुजरात दोन्ही होरपळले. देहूच्या तुकोबांचं घर याच दुष्काळात उघडं पडलं, त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो याच १६३० सालच्या फेब्रुवारीत. अशा काळात शहाजहानच्या फौजा दख्खनेत उतरल्या. एकीकडं त्यांना परांडा हवा होता, दुसरीकडं दौलताबाद.

परांडा आणि दौलताबाद यांची तुलना तरी कशी करावी? दौलताबाद डोंगरावरचा. परांडा भुईकोट, सपाट माळावर, भोवती तट, बुरूज आणि पाण्याचा खंदक. चढायला एक टेकाडसुद्धा नाही. कुणाही शहाण्या माणसानं सांगितलं असतं की परांडा आधी पडेल.

घडलं उलटं. १६३१ मध्ये मोगलांचा सरदार आझमखान परांड्याला वेढा घालून बसला. पण दुष्काळानं भोवतालचा मुलूख ओस पडलेला. घोड्यांना, बैलांना, हत्तींना चारा मिळेना. कोसच्या कोस गवताची काडी नाही. खानाला वेढा उठवून जावं लागलं. आमच्या गावांनी त्या वर्षी काय सोसलं असेल याचा विचार करा. किल्ला वाचला, कारण बाहेरच्यांच्या जनावरांना घालायला आमच्या शिवारात काही उरलंच नव्हतं. याला विजय म्हणायचं की काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

दोन वर्षांनी, १६३३ मध्ये, महाबतखानानं दौलताबादला वेढा घातला. आत मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान होता. तटांखाली सुरुंग लागले, खालचे कोट एकामागून एक गेले. पण वरचा ताशीव खडक? तो कुणी चढला नाही. तो चढायची गरजच पडली नाही. गडावर धान्य संपलं होतं. विजापूरचे सरदार आणि शहाजीराजे बाहेरून धान्याचे तांडे आत घुसवायचा प्रयत्न करत होते आणि मोगल ते वाटेतच कापत होते. उपासमारीला रोगराईची जोड मिळाली. शेवटी जूनच्या सुमारास फत्तेखानानं मोगलांकडून मोठी रक्कम घेऊन किल्ल्या दिल्या. फितुरीही झाली खरी. पण ती भुकेच्या पाठोपाठ आली.

त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १६३४ मध्ये, तोच महाबतखान शहजादा शुजाला बरोबर घेऊन परांड्यावर आला. देवगिरी जिंकलेला सेनापती! पण याही खेपेला दाणा-चाऱ्याची टंचाई झाली, सरदारांत आपसात बेबनाव झाला आणि वेढा उठवावा लागला. देवगिरी घेणाऱ्याला आमचा सपाटीवरचा परांडा घेता आला नाही.

पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. ताशीव कड्यानं देवगिरीला वाचवलं नाही. सपाट माळानं परांड्याला बुडवलं नाही. दोन्हीकडं निकाल लावला तो दाण्यानं आणि चाऱ्यानं. म्हणजेच राजधानीचं बळ डोंगरात असतं त्याहून अधिक ते डोंगराच्या पायथ्याला, शेतात असतं.

ही गोष्ट सगळ्यांत नीट कुणाला उमगली असेल, तर ती त्या दुष्काळाच्या साली जन्मलेल्या मुलाला. शिवाजी महाराजांनी पुढं रायगड निवडला, तेव्हा देवगिरीची आठवण काढल्याचं सभासद बखरीत नमूद आहे. दौलताबाद चांगला गड खरा, पण उंचीला कमी, रायगड त्याहून कितीतरी उंच, असा त्या बोलण्याचा भाव. उंचीचं हे वाक्य पुष्कळांना पाठ असतं. पण त्याच सभासदानं गडाच्या कारभाराचीही व्यवस्था लिहिली आहे, ती आपण वाचत नाही. गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत, आणि यांच्याबरोबरीनं एक कारखानीस. या कारखानिसाचं काम काय? तर धान्य, सामान, जमाखर्च. किल्ला एकाच्या हातात द्यायचा नाही, आणि कोठाराची जबाबदारी तलवारवाल्यावर सोपवून मोकळं व्हायचं नाही. देवगिरीवर मिठाची पोती चढली, तेव्हा तिथं असा कारखानीस असता तर त्यानं एक तरी पोतं उसवून बघितलं असतं!

राज्याभिषेकाच्या सुमाराचं महाराजांचं एक पत्र आहे. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं. त्यात ते बजावतात की पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत आताच उधळलात, तर पुढं घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत. मग लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. भाजीच्या देठाची गोष्ट म्हणून आपण जी सांगतो, तिचं मूळ या जातीच्या काळजीत आहे. कोठार नीट राखलं तर रयतेच्या चुलीला हात लावावा लागत नाही.

पुढं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्यांवर एक प्रकरणच लिहिलं. किल्ला बांधण्याआधी तिथं पाणी आहे का ते पाहा, हा त्यांचा आग्रह. पन्हाळगडावर गेलात, तर गंगा, यमुना, सरस्वती नावाची तीन दगडी कोठारं आजही उभी आहेत. अंबरखाना म्हणतात त्याला. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत होतं असं सांगतात. ज्यांनी त्या कोठारांना नद्यांची नावं दिली, त्यांना धान्याची किंमत कळत होती.

आता मी माझ्या शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द बोलतो.

आपण मुलांना गडावर नेतो. तोफ दाखवतो, दरवाजा दाखवतो, कडेलोट दाखवतो. परांड्याला गेलो की मुलूखमैदान तोफेची गोष्ट सांगतो. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ती प्रचंड तोफ परांड्याच्या किल्ल्यात होती आणि नंतर विजापूरला नेली. गोष्ट चांगलीच आहे. मुलांना तोफ आवडते. पण पुढच्या खेपेला एक करा. किल्ल्यात शिरल्याबरोबर मुलांना दोन गोष्टी शोधायला सांगा. पाणी कुठं आहे? आणि धान्य कुठं ठेवत असतील? विहीर, हौद, तळघर, कोठाराची जोती, जे सापडेल ते त्यांच्या त्यांना शोधू द्या. मोजू द्या. एका माणसाला दिवसाला शेरभर दाणा धरला, तर हजार माणसांना चार महिने किती लागेल, याचं गणित तिथं सावलीत बसून करू द्या. इतिहास आणि गणित एकाच पानावर येतील, आणि मुलांना कळेल की लढाई किती ठिकाणी लढली जाते. आणि हो, त्या दगडांवर नाव कोरू नका, विटा-चिरे उचलून घरी नेऊ नका, हेही तिथंच सांगा. गावातल्या जुन्या देवळांना आणि वीरगळांना तेलाचा रंग फासणं थांबवा. त्यानं दगडावरची खूण बुजते. आपल्या गावाची तेवढीच लिहिलेली पोथी असते.

आता शेवटचं, आणि ते शेतकरी मंडळींसाठी.

आपल्या गावच्या पांढरीत पूर्वी पेवं होती. माझ्या पिढीच्या लोकांनी ती पाहिली आहेत. कठीण मुरमात विहिरीसारखा खोल खड्डा खणायचा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. तळाला आणि कडेला कडब्याचा थर द्यायचा, आत ज्वारी ओतायची आणि वर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. हवा नाही, ओल नाही, किडा नाही. वर्षं दोन वर्षं, कधी त्याहून जास्त दाणा टिकायचा. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. आतली कोंडलेली हवा माणूस मारते, हे ठाऊक होतं. आधी तोंड उघडं टाकायचं, मग दिवा दोरीनं खाली सोडून बघायचा. दिवा जळत राहिला तर माणूस उतरायचा. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला एक उग्र वास येई. पोरं नाक मुरडत. आजी म्हणे, "खा. ह्यो वास हाय म्हणून तुमी हाय."

देवगिरीसारखी राजधानी धान्यावाचून पडली. पण त्याच मुलखातली गावं त्या दुष्काळातून, आणि त्याच्या आधीच्या दुर्गादेवीच्या दुष्काळातूनही, मोडून का होईना पुन्हा उभी राहिली. परत उभं राहणाऱ्यांपैकी ज्यांच्या पेवात मूठभर बी उरलं होतं, त्यांच्यापासूनच शिवार पुन्हा हिरवं झालं असणार. किल्ल्याच्या कोठाराची गोष्ट निदान बखरीत तरी आली. पांढरीतल्या पेवाची गोष्ट कुठल्याच बखरीत नाही.

आज पेवं बुजली. बळद, कणगी, तीही गेली. १९७२ च्या दुष्काळानंतर सरकारी धान्य दुकानाची सवय झाली, आणि ते चांगलंच झालं, त्यानं माणसं जगली. ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, ते काढलं की थेट आडतीवर जातं. पैसा येतो, गरज भागते. मी कुणाला पुन्हा खड्डे खणायला सांगत नाही. काळ मागं जात नसतो. पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शेतकऱ्याच्या घरात दाणा विकत येतो आणि चार महिन्यांचं खाणं घरात नसतं, तेव्हा ते घर किती का पक्कं बांधलेलं असेना, ते देवगिरीसारखंच आहे. वरून बेलाग, आणि आत मिठाची पोती. शक्य असेल त्यानं एक तुकडा ज्वारीला ठेवावा. वर्षाचं नाही, तर सहा महिन्यांचं तरी खाणं घरात असावं. कडब्याची एक गंजी असावी. आणि बी घरचं असावं. एवढंच माझं मागणं आहे.

आपल्या भाषेत 'पेव फुटणं' असा एक शब्दप्रयोग आहे. एखाद्या गोष्टीचा एकदम सुकाळ झाला की आपण म्हणतो, तिचं पेव फुटलं. वर्तमानपत्रंसुद्धा हा शब्द वापरतात. पण आजच्या मुलांना विचारा, पेव म्हणजे काय? सांगता येत नाही. तोफेचं नाव पोरांना पाठ आहे आणि पेवाचं रूप ठाऊक नाही. हे असं राहू देऊ नका. घरात आजी-आजोबा असतील, त्यांना या आठवड्यात एकदा विचारा, आपलं पेव कुठं होतं? ती जागा मुलांना दाखवा. देवगिरी दीडशे मैल लांब असला तरी चालेल, त्याचा इतिहास त्या जागेपासून शिकवता येतो.

पुढच्या चैत्रात मी पुन्हा सोनारीला जाईन. ते म्हातारे शेतकरी भेटले तर त्यांना सांगणार आहे, "बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. वर खायला काही नव्हतं." ते काय म्हणतील हे मला आताच ठाऊक आहे. चुन्याची डबी मिटत म्हणतील, "त्ये आमाला म्हाईतच हुतं गुरुजी."

रामराम मंडळी.